हातचे सहा दिवस

हर्षद टिपणीस कुठेही जायचा तर अर्धा तास हातचा ठेवून निघायचा. उरणच्या घरापासून बेलापूरचं ऑफिस पाऊण तासावर, तर हा सव्वा तास आधी बाहेर. लग्नाला गेला तर मांडववाले खुर्च्या मांडत असायचे आणि हा त्यांना हातभार लावत असायचा. घरी एकटाच जेवायचा, तरी भात दीड माणसाचा लावायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "उरला तर सकाळी फोडणीचा होतो." खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. न जाणो, ती अचानक आली तर?

ती म्हणजे जागृती, त्याची बायको. करंजा बंदरातल्या तांडेलांची मुलगी. बापाची मासेमारीची बोट होती, त्यामुळे चालायच्या आधी डोलायला शिकलेली. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि त्यातली एकोणीस ती 'गोदा' नावाच्या क्रेन-बार्जवर, म्हणजे क्रेन बसवलेल्या सपाट जहाजावर, होती. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर, समुद्रात तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म उभे करायचे हे तिचं काम. आधी तळावर पोलादाचा सांगाडा रोवायचा, मग तीन-चार हजार टनांचा डेक, म्हणजे वरचा मजला, क्रेनने उचलून त्याच्या पायांवर अलगद ठेवायचा. ठेवताना चार बोटंसुद्धा चुकून चालत नाही. ही उचलाउचल जिच्या हुकमाने व्हायची ती लिफ्ट सुपरिटेंडेंट म्हणजे आमची जागृती. बाकीच्यांची पाळी अठ्ठावीस दिवसांनी बदलायची, पण ज्याच्या सहीचा आराखडा त्यानेच डेक उचलायचा असा नियम असल्यामुळे काम संपेपर्यंत तिला हलता येत नसे. पावसाळ्यात इकडची कामं थांबली की बार्ज पूर्व किनाऱ्यावर जायची, आणि बार्जबरोबर तीही. घरी यायची ती वर्षाकाठी चार-दोन दिवस, तेही धावतपळत.

हर्षद त्याच कंपनीत एस्टिमेटर होता. प्लॅटफॉर्म कागदावर असतानाच त्याला किती पोलाद लागेल, किती वेल्डिंग, किती हेलिकॉप्टरच्या फेऱ्या आणि किती दिवस, हे सांगायचं. आणि काम सुरू झालं की खर्च त्या आकड्याच्या बाहेर पाय टाकणार नाही याच्यावर डोळा ठेवायचा. सगळ्यात अवघड असायचे ते दिवस. बार्जचं भाडं दिवसाला चार कोटी, काम करो वा नुसती उभी राहो. दीड मीटरच्या वर लाट गेली की डेक उचलता येत नाही, दोनशे माणसं आभाळाकडे बघत बसतात आणि मीटर चालू असतो. असे किती दिवस फुकट जातील हे वर्षभर आधी सांगायचं म्हणजे निम्मी विद्या आणि निम्मी छाती.

या धंद्यातली एक जुनी रीत त्याला त्याच्या गुरूने, काळसेकर साहेबांनी शिकवली होती. "टिपणीस, सगळं दाखव, फक्त हातचा दाखवू नकोस. दाखवलास की वरचे काढून घेतात." म्हणून प्रत्येक एस्टिमेटर हवामानाच्या दिवसांत आपले दोन दिवस मुरवून ठेवायचा. वरच्यांना ते ठाऊक असायचं, पण कुठे मुरलेत ते सापडायचं नाही. असं सगळं सलोख्याने चालायचं.

हर्षदच्या बाबतीत एक भानगड होती. जागृतीच्या कामावर तो दोन नाही, आठ दिवस मुरवायचा. जास्तीचे सहा, कधी एखादा इकडेतिकडे. काम संपून दिवस शिल्लक राहिले की बार्ज बंदरात येते, माणसांना घरी सोडतात, हा शिरस्ता. सहा दिवस म्हणजे घरी पाच रात्री. त्याने एकोणीस वर्षांत तेवीस कामांवर हे केलं, आणि दरवेळी आकडा लिहिताना त्याचे कान गरम झाले. चोवीस कोटींची गोष्ट होती. तो काही उडाणटप्पू माणूस नव्हता. पण त्याला बायको हवी होती, आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

आणि तेवीसही वेळा ती आली नाही. काम संपायला आलं की फोन यायचा. "या वेळी नाही रे जमत. गोदा सरळ पुढच्या कामाला निघाली." हा म्हणायचा, "असू दे, माझं काय अडलंय इथे." आणि फोन ठेवून ऑपरेशन्स विभागाला शिव्या घालायचा, कारण त्याची खात्री होती की तेच त्याचे दिवस वास काढून पळवतात. एकोणीस दिवाळ्या त्याने ऑपरेशन्सवाल्यांना फराळ दिला नाही.

घरात यायच्या त्या ढाली. 'नियोजित वेळेआधी काम पूर्ण' म्हणून कंपनी दर कामाला एक ढाल द्यायची आणि ती हमखास जागृतीला मिळायची. तेवीस ढाली दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन रांगांत होत्या. दर रविवारी हर्षद स्टुलावर चढून त्या पिवळ्या फडक्याने पुसायचा. त्याला तिचा अभिमान होता, अगदी मनापासून.

गेल्या रविवारी ढाली पुसत असतानाच तिचा फोन आला होता. ब्राझीलजवळच्या समुद्रातलं काम तिला देऊ करत होते. तीन वर्षं. ढालींची यादी बघूनच बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत सही करायची होती.

"जाऊ का?" तिने विचारलं.

"तुझं तू ठरव. माझं काही अडत नाही इथे."

त्यावर गॅसचा सिलेंडर आला का असं काहीतरी विचारून तिने फोन ठेवला. हा स्टुलावर फडकं घेऊन तसाच उभा राहिला. 'नको जाऊस' एवढे दोन शब्द होते. ते त्याच्या तोंडातून काही केल्या निघाले नाहीत.

त्याच आठवड्यात ऑफिसात पारख चालू झालं.

पारख म्हणजे नवी अंदाजयंत्रणा. समुद्रतळावरून फोन-इंटरनेटच्या काचतारा गेलेल्या असतात. वरून लाट गेली की पाण्याचा दाब बदलतो आणि तार केसाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाते. तारेतला प्रकाश तेवढ्यानेही बदलतो, आणि तो बदल वाचायची विद्या हाती आली होती. अरबी समुद्रात उन्हाळ्यात वाऱ्याशिवाय येणाऱ्या ज्या लांब लाटा बार्जला छळतात, त्या बऱ्याचदा दक्षिणेकडे हजारो मैलांवरच्या वादळात जन्मतात आणि इथे पोचायला आठवडाभर घेतात. पारख त्यांना जन्मतानाच ऐकायचं, आणि त्या वादळांच्या आधीच्या हवेवरून अजून दोन आठवडे पुढचं सांगायचं. कुठल्या जागी, कुठल्या दिवशी, किती वाजता समुद्र शांत असेल, हे तीन आठवडे आधी.

इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण पारख जसं पुढे बघायचं तसं मागेही बघायचं. तारांच्या जुन्या नोंदी आणि उपग्रहांची चित्रं जोडून त्याने गेल्या पंचवीस वर्षांचा समुद्र तासागणिक पुन्हा उभा केला होता. म्हणजे अमुक कामाला खरोखर किती दिवस फुकट जायला हवे होते ते आता काढता येत होतं. कुठल्याही अंदाजाचे दोन भाग असतात, एक जगाबद्दलचा आणि एक अंदाज करणाऱ्याबद्दलचा. आजवर ते वेगळे करता येत नव्हते, कारण दिवस उरले तर नशीब म्हणायची सोय होती. आता जगाचा भाग वजा करता येऊ लागला, आणि वजा केल्यावर माणूस उरायला लागला.

मंगळवारी दुपारी ईशान गोडांबेने हर्षदला केबिनमध्ये बोलावलं. ईशान खर्च-नियंत्रण विभागाचा प्रमुख, वय चौतीस, पण वागायला मऊ. त्याने आधी चहा मागवला. त्यावरूनच हर्षदने ओळखलं, गोष्ट साधी नाही.

"टिपणीस सर, हातचा सगळेच ठेवतात. त्याबद्दल नाही बोलावलं," ईशान म्हणाला. "तुमचा दोन दिवसांचा असतो, कायम. पण तेवीस कामांत तो आठच्या आसपास आहे. पारखने कारण शोधलं. पाण्याची खोली नाही, ऋतू नाही, क्रेन नाही. तेवीस कामांत फक्त एकच गोष्ट सारखी आहे."

हर्षद चहाच्या कपाकडे बघत राहिला.

"लिफ्ट सुपरिटेंडेंट," ईशान हळूच म्हणाला. "मी समजू शकतो, सर. घरचं माणूस धोक्याच्या कामावर. तुम्ही सुरक्षिततेसाठी ठेवले असणार."

पळवाटेचं दार उघडून दिलं होतं पोराने. हर्षदने मान हलवलीही असती, पण ईशानने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"तुमच्यावर ठपका येतच नाही, कारण कंपनीचा एक रुपया गेलेला नाही. हे बघा. डावीकडे तुम्ही मुरवलेले जास्तीचे दिवस. उजवीकडे मॅडमनी वाचवलेले, ज्यांच्यासाठी त्यांना ढाली मिळाल्या."

डावीकडे सहा, सहा, सात, पाच, सहा. उजवीकडे सहा, सहा, सात, पाच, सहा. खाली तेविसाव्या ओळीपर्यंत तसंच. बेरीज दोन्हीकडे एकशे एक्केचाळीस.

एवढा हिशेबी माणूस, पण हे दोन रकाने त्याने कधी शेजारी ठेवले नव्हते. त्याला वाटायचं, तिने वाचवलेले दिवस तिच्या हुशारीचे आणि आपले ते निराळे.

"ऑपरेशन्सने काढून घेतले ना हे?" हर्षदने विचारलं.

"ऑपरेशन्सला पत्ताच नव्हता, सर. प्रत्येक वेळी मॅडमनी स्वतः परत केले. त्यांच्या सहीने. दिवस शिल्लक, बार्ज पुढच्या कामाला मोकळी." ईशानने स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. "आत्ता चालू असलेल्या कामातही तुमचे सहा आहेत. गुरुवारी डेक चढतोय. शुक्रवारी तेवढे काढून टाका, विषय संपला. आणि हे पान मी कुणाला दाखवणार नाही. पण सोमवारी पारख सगळ्यांना खुलं होतंय, बार्जवरसुद्धा."

म्हणजे सोमवारी तिला दिसणार. दिसणार की आपल्या तेवीस ढाली आपल्या नाहीतच. ज्या यादीवर ब्राझीलहून बोलावणं आलं ती यादी नवऱ्याने न सांगता लिहिलेली आहे.

संध्याकाळी सात ते सव्वासात ही तिची फोनची वेळ. हर्षद साडेसहापासून खुर्चीवर बसला होता. गप्प बसलं तर ती शुक्रवारी सही करेल आणि सोमवारी परक्यांकडून तिला हे कळेल. सांगितलं तर तिचा एकोणीस वर्षांचा मान आपल्याच हाताने उतरवायचा. उरलेल्या अर्ध्या तासात त्याने चार वेळा वाक्य जुळवलं.

"जागू, एक सांगायचंय. आधी ऐकून घे, मग चिड."

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं गं."

मग त्याने सांगितलं. सहा दिवस, तेवीस कामं, दोन रकाने. काही गाळलं नाही. मागे क्रेनचं इंजिन घरघरत होतं.

"म्हणजे माझ्या ढाली..." अखेर ती म्हणाली.

"तुझ्याच आहेत."

"खोटं नको बोलूस, तुला जमत नाही ते. तेवीस वेळा बार्जवर सगळ्यांसमोर उभी राहिले मी, हर्षद. नियोजन, शिस्त, सगळ्यांची साथ, असली भाषणं ठोकली. आणि नियोजन तू केलेलंस, उरणला बसून."

"त्याच तक्त्यात अजून एक आहे. एकोणीस वर्षांत तुझ्या क्रेनखाली एका माणसाचं बोटसुद्धा चिरडलेलं नाही. असा दुसरा सुपरिटेंडेंट कंपनीत नाही. ते माझ्या कुठल्याच रकान्यातून आलेलं नाही. त्यासाठी कुणी ढाल ठेवली नाही, एवढंच."

ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"हातचा दाखवला की काढून घेतात."

"कोण? मी?"

हर्षदने घड्याळाकडे पाहिलं. मिनिटं चालली होती.

"रविवारी 'तुझं तू ठरव' म्हणालास, तेही तसलंच का?"

"हो."

"मग आता सरळ बोल. पाच मिनिटं राहिलीत. माझ्यामागे फोनसाठी इंजिनावरचा मोटरमन उभा आहे, त्याची पोरगी आजारी आहे."

हर्षदने डोळे मिटले. "नको जाऊस, जागू. घरी ये. मला तू हवी आहेस. रोज सकाळी सहाला बार्जचा अहवाल येतो, तो मी सगळ्यांच्या आधी उघडतो. लाटा नाही बघत, खर्च नाही बघत. 'बार्जवरची माणसं' हा आकडा बघतो. दोनशे चौदा. म्हणतो, यात एक आपली. आणि मग दिवस सुरू करतो. एकोणीस वर्षं असंच चाललंय. आता याच्यामागे काही ठेवलेलं नाही, सगळं सांगून झालं."

पलीकडे ती मोटरमनला म्हणाली, "दोनच मिनिटं."

"बाबा उरलेलं डिझेलसुद्धा सोसायटीला परत करायचे," जागृती म्हणाली. "आपलं नाही ते ठेवायचं नाही, अशी सवय. काम संपलं की दिवस उरलेले दिसायचे, दरवेळी. वाटायचं, कंपनीचे आहेत. जीव तुटायचा घरी यायला, पण चार कोटी रोजाचे दिवस घेऊन घरी कसं बसायचं? म्हणून देऊन टाकायचे. तुझे होते रे ते. तुझे आहेत हे कळलं असतं तर एकही दिला नसता."

हर्षदने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किती झाले म्हणालास सगळे मिळून?"

"एकशे एक्केचाळीस."

"अंदाजे की मोजून?"

"मोजून."

"बरं," ती म्हणाली, आणि मोटरमनला फोन दिला.

बुधवारी तिचा फोन आला नाही. डेक उचलायच्या आधीचा दिवस, बार्जवरचे फोन बंद असतात, हे त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने आपला फोन सात वेळा उलटा करून पाहिला. 'बरं' म्हणजे काय? बरं, बघते? बरं, कळलं? पंचवीस वर्षांचा समुद्र तासागणिक सांगणाऱ्या यंत्राकडेही त्या एका शब्दाचा अर्थ नव्हता. गुरुवारी पारखने सांगितलेल्या वेळी, दुपारी दोनला, समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा सपाट झाला. चार वाजता ऑफिसात निरोप आला की डेक बसला. टाळ्या वाजल्या. हर्षदने ऑपरेशन्सच्या टेबलावर जाऊन तिथल्या प्रमुखाचा हात हातात घेतला, आणि एकोणीस दिवाळ्यांच्या फराळाबद्दल काहीतरी पुटपुटला. त्या माणसाला काही उमजलं नाही.

शुक्रवारी तो पाचला उठला. ढाली भिंतीवर होत्या. त्याने एक काढून हातात घेतली, तिच्यावर कोरलेले 'सहा दिवस आधी' हे शब्द वाचले आणि परत लावून टाकली. त्या सहा दिवसांत आपण काय केलं असतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. बाजारातून बोंबील आणले असते. तिने म्हटलं असतं, तुला साफ करता येत नाहीत, दे इकडे. एवढंच. असे तेवीस वेळा.

सहाला अहवाल आला. सवयीने बोट खाली सरकलं, पण आज त्याने स्वतःला आवरलं आणि वरून एकेक ओळ वाचत आला. डेक बसवणे पूर्ण. अपघात नाही. लाट अर्धा मीटर. शिल्लक दिवस, सहा, कंपनीला परत. खाली तिची सही.

पुन्हा परत केले होते. पण बरोबरच होतं. तांडेलांची मुलगी, ती दुसऱ्याच्या पैशाने घरी येणार नव्हती. आता ऑफिसात जाऊन तेवढे सहा आपल्या अंदाजातून काढून टाकायचे, की विषय संपला.

मग त्याने शेवटची ओळ वाचली. बार्जवरची माणसं, दोनशे तेरा.

एकोणीस वर्षांच्या सवयीने तो आधी मनात म्हणाला, यात एक आपली. मग थांबला आणि पुन्हा वाचलं. दोनशे तेरा. त्यापुढे शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: जा. ह. टिपणीस, सकाळच्या हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर. कारण, स्वतःची साठलेली रजा. दिवस, एकशे एक्केचाळीस.

तो टेबलाशी बसून राहिला आणि त्याने डोळे पुसले नाहीत, कारण घरात बघायला कुणी नव्हतं. अजून तीन-चार तास तरी कुणी नव्हतं. मग तो उठला, स्वयंपाकघरात गेला, डब्यातून तांदूळ काढला आणि मापाने घेतला, बरोबर दोन माणसांचा.